माश्या मोजणारा माणूस : 'ड्रॅक्युला'तील रेनफिल्ड

ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. होरेस वॉलपोलच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' (१७६४) या कृतीपासून गॉथिक कादंबरीची जी परंपरा इंग्रजीत सुरू झाली, तिच्यातील हे एक ठळक नाव. ही कादंबरी वर्गात शिकवताना माझ्या असे ध्यानात आले आहे की, विद्यार्थ्यांना काउंट ड्रॅक्युला आठवतो, प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग आठवतो, मीना आठवते. रेनफिल्डचे नाव काढले की मात्र 'तो माश्या खाणारा वेडा' एवढ्या एका वाक्यात विषय आटोपतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही त्याची रवानगी 'ड्रॅक्युलाचे हस्तक' या सदरात होते. ही नोंद खोटी नाही, पण अपुरी आहे. ती अपुरी का आहे आणि कादंबरीच्या नंतरच्या नाट्य-चित्रावतारांनी ती अधिकच अपुरी कशी केली, याचा विचार या लेखात करण्याचे मी योजिले आहे.

प्रथम मूळ कथेतील रेनफिल्ड पाहू. लंडनजवळ पर्फ्लीट येथे डॉ. सीवर्ड यांचे वेड्यांचे इस्पितळ आहे. तेथील हा एक रुग्ण. वय ५९, प्रकृतीने दणकट, कधी उसळणारा, कधी खिन्न. त्याच्या नावाची 'आर. एम.' ही आद्याक्षरे तेवढी कळतात. पूर्ण नाव लेखक सांगत नाही. हा माणूस खिडकीत साखर टाकून माश्या जमवतो, माश्यांवर कोळी पोसतो, कोळ्यांवर चिमण्या पोसतो. आणि मग डॉक्टरांकडे मांजराचे पिल्लू मागतो. ते मिळत नाही, तेव्हा तो चिमण्याच कच्च्या खातो. जितके जीव पोटात जातील तितके आपले आयुष्य वाढेल, हा त्याचा हिशेब. तो खरोखरच वही ठेवतो. तीत आकड्यांच्या बेरजा आणि त्या बेरजांच्या पुन्हा बेरजा असतात. एखाद्या पेढीवरचा मुनीम वाटावा असा हा वेडा आहे.

येथे तारखांकडे लक्ष दिले पाहिजे. रेनफिल्डच्या नोंदी सुरू होतात मे महिन्यात. ड्रॅक्युला इंग्लंडच्या किनाऱ्याला लागतो ऑगस्टमध्ये. म्हणजे रेनफिल्डची भूक ड्रॅक्युलाने निर्माण केलेली नाही. ती आधीचीच आहे आणि तिचे कारण स्टोकर देत नाही. रेनफिल्ड जो व्यवहार किरकोळीत करीत होता, तोच घाऊक प्रमाणावर करणारा धनी ड्रॅक्युलाच्या रूपाने शेजारच्या कार्फॅक्स वाड्यात राहावयास येतो. धन्याची चाहूल लागताच चाकर ओळख देतो. तो इस्पितळातून पळून त्या वाड्याच्या दाराशी जाऊन स्वामीला साद घालतो. पुढे एकदा तो डॉ. सीवर्ड यांच्यावर सुरी घेऊन धावतो, त्यांच्या मनगटाला जखम करतो आणि जमिनीवर सांडलेले रक्त चाटतो. शेवटी ड्रॅक्युलाला इस्पितळात येण्याचे आमंत्रणही हाच देतो; कारण घरातील कोणी बोलावल्याविना पिशाचाला प्रथम उंबरठा ओलांडता येत नाही, असा या कथेतील नियम आहे. तेव्हा रेनफिल्डला निर्दोष ठरविण्याचा माझा हेतू नाही. दार त्यानेच उघडले.

परंतु हे सर्व आपल्याला कोण सांगते? 'ड्रॅक्युला' ही कादंबरी रोजनिश्या, पत्रे, तारा आणि वृत्तपत्रांतील कात्रणे यांची मिळून बनली आहे. जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या पात्राच्या हातात लेखणी आहे. रेनफिल्डजवळही वही आहे, पण तिचे एकही पान आपल्याला वाचावयास मिळत नाही. त्याचे बोलणे डॉ. सीवर्ड ऐकतात, फोनोग्राफवर स्वतःच्या आवाजात नोंदवतात, मीना ते टंकलिखित करते आणि मग ते आपल्यापर्यंत पोहोचते. एका माणसाचे शब्द इतके हात बदलून आले, तर ते ऐकणारा कोण होता याची चौकशी वाचकाने करावयास हवी.

ऐकणारा आहे २९ वर्षांचा एक हुशार, महत्त्वाकांक्षी डॉक्टर. लूसीने त्याची मागणी नाकारली आहे आणि दुःख विसरण्यासाठी तो कामात बुडाला आहे. त्या मनःस्थितीत तो रेनफिल्डकडे वळतो. रुग्णाला त्याच्या वेडाच्या टोकापर्यंत नेऊन पाहण्यात आपल्या हातून थोडे क्रौर्य घडले, अशी कबुली तो स्वतःच रोजनिशीत देतो. मांजर देऊन हा प्रयोग पुरा करावा काय, हा मोहही त्याला होतो. पुरेसे सबळ कारण असते तर, असे म्हणून तो थांबतो. रेनफिल्डसाठी तो 'जीवभक्षक वेडा' अशा अर्थाची एक नवी संज्ञा बनवतो. नाव देऊन झाले की माणूस समजला, असे शास्त्रज्ञाला वाटते. माश्या मोजणारा एक आणि त्या मोजणाऱ्याला मोजणारा दुसरा, अशी ही जोडी स्टोकरने फार विचारपूर्वक उभी केली आहे, असे माझे मत आहे.

या पार्श्वभूमीवर मीनाची आणि रेनफिल्डची भेट वाचावी. मीना त्याला भेटण्याची इच्छा दाखवते. ती येणार म्हणून तो खोली 'स्वच्छ' करतो. म्हणजे डब्यांतल्या सर्व माश्या आणि कोळी गिळून टाकतो. हसू यावे आणि अंगावर काटाही यावा, असा हा प्रसंग आहे. पण मीना त्याला एखाद्या सभ्य गृहस्थाला करावे तसे अभिवादन करते, आणि काय आश्चर्य, समोरून सभ्य गृहस्थच उत्तर देतो! तो तत्त्वज्ञानावर बोलतो, आपल्या भ्रमाविषयी तटस्थपणे बोलतो आणि निरोप घेताना, तुमचे दर्शन मला पुन्हा न घडो, अशी प्रार्थना करतो. त्या क्षणी हे बोलणे विक्षिप्त वाटते. पुढे कळते की त्या घरातला तो पहिला इशारा होता.

त्याच रात्री तो डॉक्टरांना बोलावून घेतो. सीवर्डबरोबर व्हॅन हेल्सिंग, लॉर्ड गोडाल्मिंग, क्विन्सी मॉरिस आणि जोनाथन हार्कर असे चौघे येतात. रेनफिल्ड एकेकाशी त्याच्या योग्यतेनुसार बोलतो आणि मग एकच मागणे मागतो : मला या घरातून आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. बेड्या घालून न्या, तुरुंगात टाका, पण येथून हलवा. कारण विचारले असता ते सांगण्याची आपल्याला मोकळीक नाही, असे तो म्हणतो. अखेर तो गुडघे टेकतो, रडतो. सीवर्ड नकार देतात. त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, त्यांचा नकार निराधार नाही. याच माणसाने एकदा मांजरासाठी जवळजवळ इतक्याच कळवळ्याने विनवण्या केल्या होत्या आणि ड्रॅक्युलाला स्वामी म्हणून हाक मारली होती. शास्त्र सीवर्डच्या बाजूने आहे, अनुभवही त्यांच्याच बाजूने आहे. आणि तरीही त्या खोलीत त्या वेळी खरे बोलणारा माणूस एकच होता, तो म्हणजे वेडा. आपल्याला शक्य होते ते आज आपण केले, याची पुढे आठवण ठेवावी, एवढेच तो डॉक्टरांना शेवटी सांगतो.

दुसऱ्या दिवशी सीवर्ड त्याला डिवचतात. तुला जीव हवेत, मग त्यांचे आत्मेही घ्यावे लागतील, असा त्यांच्या बोलण्याचा रोख असतो. रेनफिल्ड अस्वस्थ होतो, चिडतो. जीव हवेत पण आत्मे नकोत, अशी त्याची तडफड आहे. ज्याचा विवेक पुरता मेला आहे, त्याला हा प्रश्न झोंबणार नाही. माझ्या दृष्टीने रेनफिल्डचे 'पात्र' होणे येथे पूर्ण होते.

यानंतर शेवट. ३ ऑक्टोबरच्या पहाटेपूर्वी तो कोठडीत रक्तबंबाळ सापडतो. पाठ मोडलेली, डोक्याला प्राणांतिक इजा. व्हॅन हेल्सिंग कवटीवर शस्त्रक्रिया करून त्याला थोडा वेळ शुद्धीवर आणतात आणि तो सारे सांगतो. ड्रॅक्युलाने त्याला हजारो उंदरांचे, असंख्य जिवांचे आमिष दाखविले होते आणि त्याला भुलून त्याने धन्याला आत बोलावले. पण पुढे मीना फिकी पडलेली दिसली आणि हा तिचेही जीवन शोषीत आहे, हे त्याच्या ध्यानात आले. त्या रात्री धुक्याच्या रूपाने ड्रॅक्युला आत शिरला, तेव्हा या ५९ वर्षांच्या रुग्णाने त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवले. जवळ क्रूस नाही, लसूण नाही, सोबती नाही. इतर सारे वीर शस्त्रे आणि मंत्रसामग्री घेऊन टोळीने निघतात. ड्रॅक्युलाशी रिकाम्या हातांनी आणि एकट्याने झुंजणारा या कादंबरीत हा एकच. शिवाय त्याच्या बाबतीत जिंकण्याचा अर्थ स्वतःच्या आयुष्यभराच्या हव्यासावर पाणी सोडणे असा होता. तो हरतो. परंतु त्याच्या जबानीमुळेच मंडळी मीनाच्या खोलीकडे धावतात आणि दार फोडून ड्रॅक्युलाला अर्ध्यावर थांबवतात. इकडे त्यांच्या गैरहजेरीत रेनफिल्ड मरतो. पुढे डॉ. सीवर्ड व व्हॅन हेल्सिंग सल्लामसलत करून ठरवतात की, परिचारकाच्या सांगण्यावरून बिछान्यातून पडून अपघाती मृत्यू, असा दाखला देता येईल. ज्याच्या जिवंतपणाची नोंद दुसऱ्याने ठेवली, त्याच्या मरणाची नोंदही दुसऱ्यानेच आणि खोटी ठेवली.

आता नंतरच्या अवतारांकडे वळू. मुर्नाउच्या 'नोस्फेरातू' (१९२२) या जर्मन मूकपटात रेनफिल्डच्या जागी नॉक हा घरांची दलाली करणारा माणूस येतो. तो नायकाला काउंटकडे पाठवतो, मग वेडा होतो आणि प्लेगने भेदरलेले गाव त्यालाच अपराधी समजून त्याच्या पाठीस लागते. टॉड ब्राउनिंगच्या १९३१ सालच्या प्रसिद्ध बोलपटात ट्रान्सिल्व्हेनियाला जातो तो हार्कर नव्हे, रेनफिल्डच. तरतरीत, नीटनेटका असा तो जातो आणि काउंटचा गुलाम होऊन परततो. ड्वाइट फ्राय या नटाने जहाजाच्या तळघरातून वर पाहत केलेले ते दबके हसू इतके गाजले की, पुढे रेनफिल्ड म्हणजे ते हसू, असे समीकरण होऊन बसले. या चित्रपटात तो मीनाच्या हितासाठी, आपल्याला दूर पाठवा, असे विनवतो खरा. पण त्याचा मृत्यू पाहा. विरोधक त्याच्या मागोमाग आले म्हणून धन्याला संशय येतो आणि दयेची भीक मागत असताना तो मारला जातो. कादंबरीत तो प्रतिकार केल्यामुळे मरतो. येथे गैरसमजामुळे मरतो. टेरेन्स फिशरच्या १९५८ सालच्या 'ड्रॅक्युला'त तर त्याला मुळीच जागा नाही.

फ्रान्सिस फोर्ड कपोलाच्या १९९२ सालच्या चित्रपटात टॉम वेट्स याने रंगविलेला रेनफिल्ड मीनाला सावध करतो आणि त्यापायी प्राण गमावतो. येथे कादंबरीचा धागा पुन्हा सापडतो. मात्र हार्करच्या आधी काउंटकडे गेलेला वकील, असे कारण याही चित्रपटाने त्याच्या वेडाला जोडले आहे. २०२३ साली 'रेनफिल्ड' नावाचाच एक विनोदी चित्रपट आला. त्यात निकोलस हूल्टचा रेनफिल्ड अशाच पीडितांच्या मेळाव्यात बसून जुलमी धन्यापासून सुटायला शिकतो. २०२४ सालच्या रॉबर्ट एगर्सच्या 'नोस्फेरातू'त पुन्हा नॉकच आहे.

या अवतारांत दोन बदल वारंवार दिसतात. एक, त्याच्या वेडाला बाहेरचे कारण मिळते. तो ड्रॅक्युलाने बिघडविलेला माणूस ठरतो. प्रेक्षकाला हे सोयीचे असते, कारण मग ती भूक आपल्या आतली राहत नाही. दुसरा बदल म्हणजे त्याचे माश्या खाणे आणि हसणे राहते, पण धुक्याला धरून ठेवणारे दोन हात बहुधा गळून पडतात. मराठी वाचकाला येथे मारीच आठवेल. त्यानेही रावणाला, हे करू नकोस, म्हणून सांगितले. पण शेवटी तो सोन्याचे हरीण झालाच. रेनफिल्डने क्रम उलटा केला. तो आधी हरीण झाला आणि मग धन्याच्या आड उभा राहिला. उशिरा उभा राहिला हे खरे, पण उभा राहिला.

दुय्यम पात्रांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी एवढीच सूचना आहे की, एखाद्या पात्राला खल म्हणण्यापूर्वी त्याची कृत्ये अवश्य मोजावीत, पण ती नोंद कोणाच्या हातची आहे तेही पाहावे. कादंबरीच्या अठराव्या प्रकरणात एक माणूस गुडघ्यांवर बसून खरे सांगत आहे आणि पाच शहाणी माणसे त्याचे ऐकून घेऊन निघून जात आहेत. ते प्रकरण पुन्हा एकदा वाचावे, आणि या वेळी डॉक्टरांच्या खुर्चीवरून न वाचता जमिनीवर बसलेल्या त्या माणसाच्या जागेवरून वाचावे.