पदरमोडीची प्रीती

शास्त्रपाठ : 2 शमुवेल 24:18–25, योहान 13:1–17, 1 योहान 3:16–18

अड्याळ व आसपासच्या गावांत धान पिकविणाऱ्यांस खळे म्हणजे काय, हे सांगावयास नको. अशाच एका खळ्यावर दावीद राजाने आपणां सर्वांस धडा घालून दिला आहे. देशात मरी पसरली असता त्याने अरवना यबूसी याच्या खळ्यावर वेदी बांधण्याचे योजिले. अरवनाने खळे, बैल आणि जळणासाठी मळणीची औते देखील राजास फुकट देऊ केली. परंतु आपल्या पदरचे काही खर्च न होता केलेले अर्पण देवापुढे नेणे दाविदास मान्य झाले नाही. त्याने पन्नास शेकेल रुपे मोजून खळे व बैल विकत घेतले.

या वृत्तांतातून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली ही की, ज्यास मोल पडत नाही ते खरे अर्पण नव्हे. दुसरी ही की, ते मोल ज्याचे त्याने द्यावयाचे असते. दुसऱ्याच्या गोठ्यातील बैलावर आपला त्याग होत नाही. पहिली गोष्ट आपण पुष्कळदा ऐकतो. दुसरी मात्र विसरतो.

रमाबाईंचे उदाहरण

पंडिता रमाबाई यांचा जन्म 1858 साली झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. परंतु 1874 च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात रमाबाईंचे आईवडील व वडील बहीण ही उपासमारीने खंगून वारली. भूक म्हणजे काय, हे रमाबाईंनी पोथीत वाचले नव्हते. पुढे 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांच्या संस्कृत विद्येचा गौरव केला. 1882 साली त्यांस वैधव्य आले आणि 1883 साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. स्वदेशी परतल्यावर 1889 साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले. ते पुढे पुण्यास नेले.

मग 1896–97 चा दुष्काळ आला. मध्यप्रांतात लोक अन्नान्न करीत होते. आपला भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. ती वार्ता ऐकून रमाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्या स्वतः मध्यप्रांतात आल्या आणि निराधार विधवांस व मुलींस आपल्याबरोबर घेऊन गेल्या. अशा सुमारे तीनशे जणींस त्यांनी आसरा दिला. पुण्यात त्या वेळी प्लेग होता. म्हणून केडगाव येथील शेतावर तंबू व झोपड्या उभारून त्यांची सोय करावी लागली. तेच पुढे मुक्तिसदन झाले.

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करा. प्रवासाची ही हकीकत आपण आदराने सांगतो. परंतु प्रवास काही आठवड्यांत संपला. त्यानंतरचे काम संपले नाही. उपाशी मुली आजारी होत्या. कित्येकींस अंगावरील वस्त्राचीही शुद्ध नव्हती. भुकेने घाबरलेले मन अन्न मिळू लागल्यावर लगेच शांत होत नाही. त्यांस न्हाऊ घालणे, औषध देणे, अक्षर शिकविणे, हातास काम देणे आणि त्यांचा राग व हट्ट सोसणे, हे रोजचे होते. रमाबाईंनी ते 1922 साली देहावसान होईपर्यंत पंचवीस वर्षे केले. जी बाई पंडितांच्या सभेत संस्कृतात बोलत असे, तिने इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या बायकांस समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. विद्येचा मान बाजूस ठेवणे, हीही पदरमोडच होय. 1921 साली त्यांची एकुलती कन्या मनोरमा वारली. तरी त्यांनी हातातील काम सोडले नाही.

लादलेला त्याग

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळी विधवेचे केस, दागिने व पोटभर जेवण हिरावून घेत आणि त्यास धर्म म्हणत. रमाबाई त्या विरुद्ध उभ्या राहिल्या. कारण जो त्याग दुसऱ्याच्या माथी मारला जातो, तो त्याग नसून जुलूम होय. आपला प्रभू वधस्तंभाकडे गेला तो स्वखुशीने. आणि शिष्यांचे पाय धुतले ते स्वतःच्या हातांनी. ते काम त्याने कोणा दासास सांगितले नाही.

म्हणून प्रत्येक कुटुंबप्रमुखाने आपणांस विचारावे : माझ्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवते? भांड्यात उरले नाही तर कोण उपाशी निजते? ती जर नेहमी सूनच असेल, तर आपले घर प्रीतीचे आहे असे म्हणण्यापूर्वी तिचे ताट आधी वाढावे.

रोजच्या व्यवहारात

योहानाच्या पत्रातील क्रम पाहा. प्रथम तो ख्रिस्ताने आपला प्राण दिल्याचे व आपणही भावांसाठी प्राण द्यावा असे सांगतो. आणि लगेच गरजवंत भावाकडे व आपल्या घरातील चीजवस्तूकडे वळतो. प्राण देण्याचा प्रसंग क्वचित येतो. पायलीभर तांदूळ देण्याचा प्रसंग दारात उभा असतो. जो तांदूळ देत नाही, तो प्राण देईल हे कशावरून?

रोवणीच्या दिवसांत तलावाचे पाणी कमी असता, आपली बांधी पुरेशी भरली की पाणी पुढच्यासाठी सोडावे. शेजारी भांडखोर असला तरी सोडावे. आजाऱ्याजवळ एक रात्र सगळेच बसतात. दहावी रात्र ज्याची, प्रीती त्याची. उपदेशकाने रविवारी प्रीतीवर प्रवचन करावे हे योग्यच. परंतु ज्यास तीनदा शिकवूनही वाचता येत नाही, त्यास चौथ्यांदा न चिडता शिकविणे हे अधिक मोठे प्रवचन होय. कर्ज काढून मोठी देणगी देऊ नये व घरच्यांच्या तोंडचा घास काढून नाव मिळवू नये. आपल्या वाट्यातून, आपल्या हातांनी व आनंदाने द्यावे.

आपल्या बळावर हे फार दिवस चालत नाही. म्हणून ज्याने आपणांवर आधी प्रीती केली, त्याजजवळ रोजच्या भाकरीबरोबर रोजची प्रीतीही मागावी.

मनन करण्यासाठी प्रश्न

1. अरवनाचे दान दाविदाने फुकट का घेतले नाही?
2. या आठवड्यात मी केलेल्या कोणत्या साहाय्यास माझ्या पदरचे काही लागले?
3. माझ्या घरी कोणाचा त्याग स्वखुशीचा नसून लादलेला आहे? तो भार मी कसा उचलीन?
4. एकदा मदत करून मी कोणास विसरलो आहे? त्याजकडे मी केव्हा जाईन?