वाकडे पाऊल आणि आईबापांचा धीर

जन्मतः आत वळलेले पाऊल, म्हणजेच क्लबफूट, हे ग्रहणाचे फळ नव्हे व मातेचा दोषही नव्हे. अमेरिकेतील डॉ. पोन्सेटी यांच्या पद्धतीने, आठवड्यास एक याप्रमाणे पाच-सहा प्लास्टरांनी ते बहुधा सरळ होते. खरी कसोटी पुढेच असते. दांडीने जोडलेले बूट पहिले ३ महिने दिवसाचे २३ तास, व नंतर मूल ४-५ वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालावयाचे असतात. पाऊल सरळ दिसते म्हणून आम्ही ते मध्येच सोडले, तर व्यंग परतण्याचा धोका फार. शेवटचा हप्ता फिटल्यावाचून खाते मिटत नाही, हे आम्हां व्यापाऱ्यांस सांगावयास नको. चालणे थोडे लांबले तर घाबरू नये. परंतु बसणे, बोलणेही मागे पडले, तर पावलास बोल न लावता बालरोगतज्ज्ञांस दाखवावे.