फॉरमॅट मारण्याआधी

विंडोज सुरू होताना विचारला जाणारा पासवर्ड फोल्डरचे रक्षण करत नाही. तो फक्त त्या विंडोजमध्ये शिरण्याची वाट अडवतो. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केले, की एन्क्रिप्शन नसलेल्या डिस्कवरच्या फायली सरळ उघडतात. त्याला कसलेही हॅकिंग लागत नाही. बंद पडलेल्या यंत्रातून डेटा वाचवण्याची दुरुस्ती करणाऱ्यांची रोजची पद्धत हीच आहे. त्यामुळे फोल्डर सुरक्षित आहे की नाही, याची खरी परीक्षा संगणक दुरुस्तीला दिला त्या दिवशी होते.

वऱ्हाडात हा प्रश्न घराआधी ऑनलाइन केंद्रांचा आहे. अमरावती-अकोल्यात तहसील कचेऱ्यांच्या आसपास पीकविमा, सातबारा, उत्पन्नाचा दाखला अशी कामे एकाच संगणकावर होतात आणि त्याच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये लोकांची आधार कार्डे, पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो, सह्यांचे स्कॅन साचत जातात. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो हे खरे, पण त्याचा नियम जाहीर आहे: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. नाव ठाऊक असले तर उरतात शंभरेक वर्षे, आणि तेवढी तर हातानेही टाकून पाहता येतात. काम झाले की फाईल पुसणे हाच इथला पहिला उपाय. जे ठेवणे भागच आहे, तेवढ्यापुरता एन्क्रिप्शनचा विचार करावा.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे लपवलेला फोल्डर. ‘हिडन’ची खूण केलेला फोल्डर एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूतून दोन क्लिकमध्ये दिसू लागतो. नोटपॅडमध्ये कोड चिकटवून बनवलेले ‘फोल्डर लॉकर’ही याच जातीचे. ती बॅच फाईल फोल्डरचे नाव बदलते, त्याला ‘हिडन’ आणि ‘सिस्टीम’ अशा दोन खुणा लावते आणि पासवर्ड विचारते. त्याच फाईलवर राइट क्लिक करून ‘एडिट’ म्हटले, की पासवर्ड साध्या अक्षरांत समोर येतो. कुलपालाच किल्ली बांधून ठेवल्यासारखा हा प्रकार आहे, तरी तो अजून शिकवला जातो.

दुसऱ्या टोकाला आहे विंडोज २००० पासूनची ईएफएस ही फोल्डर एन्क्रिप्ट करण्याची सोय. होम आवृत्तीत ती नसते, प्रोमध्ये असते. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ खाली एक चौकोन टिचकवला की झाले; वेगळा पासवर्ड विचारला जात नाही. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातले सगळ्यात वाईट नुकसान या सोयीमुळेच झालेले आहे. संगणक हळू चालतो म्हणून दुकानात जातो. “सी ड्राइव्ह मारून टाकू का भाऊ, काई ठेवाचं हाये?” डेटा डी ड्राइव्हला आहे, तेव्हा मालक निर्धास्तपणे हो म्हणतो. नवे विंडोज पडते, डी ड्राइव्ह उघडतो, सगळे फोल्डर जागच्या जागी दिसतात, फायलींची नावे, आकार, तारखा सगळे शाबूत. उघडायला गेले की मात्र परवानगी नाही. फायली डीवर होत्या. किल्ली सी ड्राइव्हवरच्या जुन्या वापरकर्ता-खात्यात होती आणि ती फॉरमॅटबरोबर गेली. त्याच नावाचे खाते, त्याच पासवर्डने पुन्हा बनवूनही उपयोग होत नाही, कारण विंडोजच्या लेखी तो नवा माणूस असतो. दुकानदाराने विसरलेला लॉगिन पासवर्ड बाहेरून उडवून दिला, तरी हीच गत होते. ईएफएस वापरायचेच असेल, तर तिचे प्रमाणपत्र, म्हणजे पीएफएक्स फाईल, त्याच दिवशी पेनड्राइव्हवर काढून घ्यावे.

बिटलॉकर आख्खा ड्राइव्ह एन्क्रिप्ट करतो आणि सुटकेसाठी ४८ अंकी रिकव्हरी की देतो. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केले, की बऱ्याच लॅपटॉपवर न विचारताच एन्क्रिप्शन सुरू होते आणि ही की त्या खात्यात जमा होते. नवा लॅपटॉप दुकानदाराने स्वतःच्या खात्याने चालू करून दिला असेल, तर ती की त्याच्याकडे राहते. विकत घेतानाच आपले खाते घालून ती की कागदावर उतरवून घेतलेली बरी.

मोजक्या खाजगी फायलींसाठी व्हेराक्रिप्ट अधिक सोयीचे आहे. हे मोफत सॉफ्टवेअर २०१४ मध्ये बंद पडलेल्या ट्रूक्रिप्टचे वारस आहे. त्यात ठरावीक आकाराची एक फाईल बनते. पासवर्ड दिला की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते. विंडोज नव्याने टाकले तरी तिचे काही बिघडत नाही, कारण किल्ली त्या फाईलमध्येच पासवर्डाखाली बंद असते, खात्यात नव्हे. उघडी असताना मात्र ती सगळ्यांनाच उघडी, रॅन्समवेअरलाही. वीज मध्येच गेली तर आतली फाईल बिघडू शकते, म्हणून भारनियमनाच्या गावात इन्व्हर्टर आणि दुसरी प्रत या दोन्ही गोष्टी लागतात. एखादीच फाईल पाठवायची असेल, तर सेव्हन-झिप पुरते. त्यात फायलींची नावे झाकण्याचा पर्याय वेगळा निवडावा लागतो, नाहीतर आत काय आहे हे बाहेरून वाचता येते. मूळ फाईल डिलीट केल्यावरही हार्ड डिस्कवरून परत मिळू शकते, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. म्हणून फाईल आधी बाहेर बनवून मग आत हलवण्यापेक्षा पहिल्यापासून आतच बनवावी.

पासवर्ड रोमन अक्षरांतच ठेवावा. देवनागरीचा कीबोर्ड दुसऱ्या यंत्रावर असेलच असे नाही. गावाचे नाव आणि १२३, मोबाईल नंबर, जन्मतारीख हे पहिल्या फटक्यात ओळखले जातात. परस्परांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द लांबही होतात, लक्षातही राहतात. ते एका कागदावर लिहून घरातल्या कपाटात ठेवण्यात कमीपणा नाही. संगणकाच्या पाठीवर चिकटवू नयेत, एवढेच.

केंद्रात काम करणारा मुलगा सोडून गेला की पासवर्ड बदलतात, पण व्हेराक्रिप्टमध्ये तेवढ्याने भागत नाही. पासवर्ड बदलला तरी आतली मूळ किल्ली तीच राहते. त्या फाईलची जुनी प्रत कुठे पडली असेल, तर ती जुन्या पासवर्डने उघडते. अशा वेळी नवी फाईल बनवून त्यात सगळे हलवावे आणि जुन्या प्रती, पेनड्राइव्हवरच्याही, शोधून पुसाव्यात.