आधी धडधाकट मोजा

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सॅन हुआन बेट आहे. तिथलं फ्रायडे हार्बरचं सागरी संशोधन केंद्र १९०४ सालचं. समुद्रातल्या जीवांचे आजार किनाऱ्यावर कसे ओळखायचे नि कसे मोजायचे, हे मी तिथे शिकले. पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते.

१. ओहोटीचं वेळापत्रक उशाशी ठेवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा आपला कोकणी हिशेब तिथे चालत नाही. दिवसात दोन ओहोट्या, पण एकीला खडक पार उघडे पडतात, दुसरीला जेमतेम. मोठी ओहोटी उन्हाळ्यात दिवसा येते, हिवाळ्यात रात्री. पाणी चढायला लागलं की वही मिटायची. ‘एवढी एकच मोजणीची चौकट’ म्हणणारा प्रत्येक गटात असतो, त्याला दंडाला धरून आणायचं.

२. आजारी तारामासा दिसला की सगळे तिकडे धावतात. तुम्ही धावू नका. टेप अंथरा, ठरलेल्या रुंदीचा पट्टा धरा आणि त्यातला प्रत्येक तारामासा लिहा: केवढा, कुठल्या रंगाचा, बरा की आजारी. कपारीतही टॉर्च मारा. दहा आजारी सापडले, बरं, पण कितींपैकी? धडधाकट जनावरं मोजण्याइतकं कंटाळवाणं काम नाही, आणि सगळं अडतं ते त्याच्यावाचूनच. २०१३ पासून मेक्सिको ते अलास्का वीसहून जास्त जातींचे तारामासे झडून मेले. किती गेले हे सांगता आलं, कारण साथीच्या आधी वर्षानुवर्षं कुणीतरी वाकून बरे मोजून ठेवले होते. सूर्यफूल तारामासा तर नव्वद टक्क्यांहून अधिक संपला. २०२० मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला.

३. लक्षणांचा क्रम डोळ्यांत बसवा. पायसास्टर जातीचा निरोगी तारामासा खडकाला असा चिकटतो की ओढून सुटत नाही. आजार लागला की आधी पांढरट चट्टा उठतो, हात पिळवटतात, अंगातला ताठपणा जातो, पकड ढिली पडते. मग एखादा हात अंगापासून सुटतो आणि स्वतःच्या पायांवर एकटाच सरपटत निघतो. हे पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी आमच्यातलं कुणी धड जेवलं नाही. काही दिवसांत नुसता लगदा उरतो. पण उन्हात उघडा पडलेला निरोगी तारामासाही मलूल दिसतो, तेव्हा खात्री नसेल तर रकान्यात ‘शंका’ लिहा.

४. दुसऱ्या किनाऱ्यावर जाण्याआधी बूट ब्लीचच्या पाण्यात बुडवा, मग गोड्या पाण्याने धुवा. कंटाळा चालणार नाही.

५. ‘कशामुळे?’ असं गावातले लोक विचारतात. उत्तर द्यायची घाई करू नये. २०१४ मध्ये एका विषाणूकडे बोट दाखवलं गेलं, पुढे तो पुरावा टिकला नाही. २०२५ मध्ये व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जिवाणू सापडला, कॉलराच्या जंतूच्या गोत्रातला. आजारी तारामाशाच्या देहपोकळीतला द्रव बऱ्या तारामाशाला टोचला की तो आजारी पडे. तोच द्रव तापवून टोचला तर काही होत नसे. मला या प्रयोगातला तापवलेल्या द्रवाचा भाग जास्त आवडतो. तिथेही शेवटी बरे राहिलेलेच मोजावे लागले.

६. ईलग्रासची पाळी आली की तोंडं वाकडी होतात. चिखलातलं गवत, त्यात बघायचं काय? लॅबिरिंथुला नावाचा सूक्ष्मजीव त्याच्या पानांवर काळ्या कडांचे डाग पाडतो. १९३० च्या दशकात उत्तर अटलांटिकमधलं बहुतेक ईलग्रास अशाच रोगाने गेलं आणि त्याच पानांवर जगणारी एक गोगलगाय कायमची नामशेष झाली. पानं खुडताना डागाळलेली निवडू नका, हाताला येईल ते घ्या. स्कॅनरवर ठेवण्याआधी बोटांनी निपटून शेवाळ आणि गाळ काढा, नाहीतर डाग मोजणारा संगणक गाळालाही आजार समजतो.