खोली बघताना जागेचा इतिहासही विचारा

भाड्याने खोली बघायला गेलो की आपण काय विचारतो? डिपॉझिट किती, पाणी किती वेळ येते, संडास घरात की बाहेर, लाईटचे बिल वेगळे का. शाहूपुरीतून लेकाची नोकरी लागली म्हणून दुसऱ्या गावी जाणारे कुटुंब असो, नाहीतर खेड्यातून शाहूपुरीत येणारे असो, प्रश्न हेच. घरात सहा वर्षांखालचे मूल किंवा गरोदर सून असेल तर आमच्या मते आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: या जागेत पूर्वी काय चालत होते?

हा प्रश्न शिशासाठी आहे. आधी एक गैरसमज दूर करू. शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्राफाइट असते. मुलाने पेन्सिल चावली म्हणून घाबरू नये. आपण बोलतोय ते जड, मऊ, करड्या धातूविषयी. कोल्हापुरात त्याची खाण नाही. आपल्या देशातल्या मोठ्या खाणी राजस्थानात, उदयपूरजवळच्या जावर, राजपुरा दरिबा आणि भिलवाडा जिल्ह्यातल्या रामपुरा आगुचा या भागात आहेत. तिथून निघालेले शिसे मुख्यतः बॅटरीत जाते. रिक्षाची, ट्रकची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी उचलून बघा. तिच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसेच असते. म्हणजे खाण शेकडो मैल दूर असली तरी तिचा माल आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर, बॅटरीवाल्याच्या आणि भंगाराच्या दुकानात येऊन बसतो.

शिसे कुजत नाही, विरत नाही. पावसाने माती वाहून गेली तर शिसेही वाहून दुसरीकडे जाते, नाहीतर तिथेच राहते. आफ्रिकेत झांबिया देशात काब्वे नावाचे शहर आहे. तिथली शिशाची खाण १९९४ साली बंद झाली. कामगार गेले, पण माती राहिली, आणि त्या शहरातल्या मुलांच्या रक्तात आजही धोकादायक प्रमाणात शिसे सापडते. सेनेगल देशातल्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत तर खाणही नव्हती. तिथे लोक जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढत. बाया मातीतले शिसे चाळून विकत. २००७-०८ च्या काही महिन्यांत तिथली १८ मुले दगावली. मेलेली मुले कारखानदारांची नव्हती, चाळण हातात असलेल्या आयांची होती. आपल्याकडे भंगार कोण वेचतो, भट्टी कोण पेटवतो, हे आम्ही वेगळे सांगायला नको. तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यात विषाचा व्यापारही आहे. पण पोटासाठी ते काम करणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. त्याच्या हातात मोजे आणि अंगावर वेगळे कपडे असावेत ही जबाबदारी मालकाची आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. खाणीतल्या स्त्रियांच्या बाळंतपणाच्या लाभाचा प्रश्नही त्यांच्याच खात्याचा होता. कामाच्या जागेचा आणि बाईच्या पोटातल्या बाळाचा संबंध त्यांनी तेव्हाच ओळखला होता.

आता शरीरात काय होते ते पाहू. मूल रांगते, जमिनीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. जितके शिसे पोटात जाईल त्यातले मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट अधिक शोषून घेते. पोट रिकामे असेल, अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर आणखी जास्त. म्हणून कुपोषित मुलाला त्याचा फटका दुप्पट बसतो. शिसे मेंदूच्या वाढीत अडथळा आणते. मूल चिडचिडे होते, लक्ष लागत नाही, बोलायला उशीर होतो, शाळेत मागे पडते. मग आपण त्याला ‘ढ’ म्हणतो, गुरुजी मारतात. पोट दुखणे, बद्धकोष्ठ, पांढरेफटक दिसणे ही लक्षणे पुष्कळदा उशिरा येतात, आणि फार वाढल्यावर झटके येतात. बाकीचे शिसे हाडांत साठते आणि वर्षानुवर्षे तिथेच राहते. गरोदरपणात ते हाडांतून सुटून रक्तात येते आणि बाळापर्यंत पोहोचते. मेंदूचे जे नुकसान झाले ते बहुधा भरून येत नाही. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातल्या तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे.

म्हणून खोली बघताना शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. घरमालकापेक्षा त्यांना जास्त माहीत असते. इथे बॅटरीचे दुकान होते का, भंगार फोडत होते का, शिसे वितळवत होते का. उत्तर ‘हो’ आले आणि अंगण मातीचे असेल तर लहान मुलासाठी ती खोली घेऊ नये, भाडे कमी असले तरी. घेणे भागच असेल तर अंगणात फरशी किंवा कोबा करून घ्या आणि तिथे भाजी लावू नका. मोठ्या रस्त्याकडेची जुनी मातीही तशीच. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० सालापर्यंत जळत होते.

दुसरी जागा म्हणजे रंग. घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग, असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या दारा-खिडक्यांच्या ऑईलपेंटमध्ये ते असू शकते. १४ एप्रिलच्या आधी आपल्याकडे घर रंगवायची लगबग असते. तेव्हा जुना रंग कोरडा घासू नका. पाणी मारून ओला खरवडा, पोपडे कागदात गुंडाळून टाका आणि तो दिवसभर मुलांना व गरोदर बाईला दुसऱ्या घरी ठेवा.

घरातला माणूस गॅरेजात, बॅटरीच्या किंवा भंगाराच्या कामात असेल तर चपला आणि कामाचे कपडे दाराबाहेर राहू द्या. ते वेगळे धुवा. त्याने हातपाय धुतल्याशिवाय लेकराला उचलू नये. हे सांगायला बरे वाटत नाही, बाप दिवसभर त्या क्षणाची वाट बघत असतो. पण पाच मिनिटांचा प्रश्न आहे. झाडूने धूळ उडते, म्हणून ओल्या फडक्याने पुसा. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करायची तर शुद्ध कथलाचीच, शिसे मिसळलेली नको. सुटी, भडक पिवळी हळद टाळा. चकाकीसाठी त्यात शिशाचा रंग मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. तान्ह्याच्या डोळ्यांत काजळ-सुरमा घालू नका. नाचणी, शेवग्याचा पाला, दूध आणि लिंबू पिळलेली हरभऱ्याची उसळ मुलाच्या ताटात असू द्या. याने शिसे बाहेर पडत नाही, पण आत शिरणे कमी होते.

शंका असेल तर सीपीआरच्या बालरोग विभागात दाखवा आणि ‘रक्तातले शिसे तपासायचे आहे’ असे स्पष्ट सांगा. साध्या रक्त तपासणीत ते दिसत नाही. पातळी ५ किंवा जास्त आली तर आधी घरातले कारण शोधून ते बंद करावे लागते. ४५ च्या वर गेली तर रुग्णालयात औषध देतात. घरच्या घरी ‘विष काढणारी’ भस्मे मुळीच देऊ नका, नागभस्म म्हणजे शिसेच. आणि गल्लीत उघड्यावर बॅटऱ्या फोडत असतील तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात लेखी तक्रार द्या. २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी नोंदणी असलेल्या ठिकाणीच गेली पाहिजे. एकट्याने जाऊ नका, विहारातल्या चार-पाच घरांच्या सह्या घेऊन जा आणि पोच मागून घ्या.