एकांची माळ

बेलापूरजवळचे दिवाळे हे कोळ्यांचे गाव. मासे विकताना कोळीण त्यांचे सारखे वाटे लावते. मासे बारा असले, तर दोन-दोन, तीन-तीन, चार-चार किंवा सहा-सहांचे वाटे होतात. पण ते तेरा असले, तर एकेकाचे तेरा वाटे करावेत किंवा सर्वांचा मिळून एकच. तिसरा मार्ग नाही. एकाहून मोठ्या ज्या संख्येचे याहून निराळे सारखे वाटे होत नाहीत, तिला मूळ संख्या म्हणतात.

लहान संख्यांची ही परीक्षा सोपी आहे. मोठ्या संख्यांची तशी नाही. केवळ 1 हा अंक ओळीने लिहून होणाऱ्या संख्याच पाहा : 11, 111, 1111. दिसावयास किती साध्या! ह्या संख्यांनी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना वेड लावले. 1905 साली डहाणूस जन्मलेले कापरेकर 1930 पासून 1962 पर्यंत देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. गणितातील उच्च पदवी त्यांच्याजवळ नव्हती. होती ती संख्यांची निस्सीम आवड. 11 चा वर्ग 121, 111 चा 12321, 1111 चा 1234321. अशा संख्यांना त्यांनी 'डेमलो' हे नाव दिले. ही कल्पना ज्या रेल्वे स्थानकावर सुचली, त्याचे, म्हणजे आजच्या डोंबिवलीचे, ते नाव होय. नऊ एकांच्या वर्गापर्यंत ही रचना टिकते. दहाव्या एकाबरोबर हातचे येतात व ती मोडते. तेव्हा डोळ्यांना दिसणारा नियम पुढेही चालेलच, असे मानून चालत नाही.

मग एकांच्या कोणत्या माळा मूळ संख्या आहेत? 111111 मध्ये सहा एक आहेत. सहांचे तीन-तीनांचे दोन वाटे होतात, म्हणून 111111 = 111 × 1001. यावरून, अंक किती आहेत ती संख्याच मूळ नसेल, तर माळही मूळ नसते. मात्र ती मूळ असली म्हणजे माळ मूळ असतेच, असे नाही. 111 = 3 × 37; 11111 = 41 × 271; 1111111 = 239 × 4649. अकरा, तेरा व सतरा एकांच्या माळांचेही असेच अवयव पडतात.

एकोणीस एकांची 1111111111111111111 ही माळ मात्र अभंग राहते. हे भागाकाराने ठरवावयाचे, तर सुमारे 105 कोटींपर्यंतच्या मूळ संख्या तपासाव्या लागतील. परंतु विचार श्रम वाचवतो. सात एकांच्या माळेचे विभाजक 239 व 4649 यांना सातच्या दुपटीने, म्हणजे 14 ने, भागून पाहा. बाकी 1 च उरते. त्याच न्यायाने एकोणीस एकांच्या माळेला मूळ विभाजक असलाच, तर त्याला 38 ने भागून 1 उरला पाहिजे. बाकीच्या सर्व संख्या तपासल्यावाचून सोडून देता येतात. ही माळ मूळ असल्याचे ऑस्कर होप्पे यांनी सिद्ध केले.

त्यापुढे तेवीस एकांची माळ मूळ आहे. आणि नंतरची थेट तीनशे सतरा एकांची! अशा मूळ माळांना अंत आहे की नाही, हे आजवर कोणीही सिद्ध केलेले नाही. पाटीवर लहान मूलही लिहील अशा संख्येपाशी मोठमोठे गणिती विचारात पडले आहेत. ज्यास जिज्ञासा आहे, त्याला शोधासाठी दूर जावे लागत नाही. मात्र जे आढळले, ते सिद्ध करण्याचा धीर त्याच्या अंगी असावा लागतो.