भाच्याला, टेम्पोची किल्ली देताना

बाळा, गाडी तुला छान चालवता येते, ते मी बघितलंय. म्हणून माझं बरंचसं सांगणं आहे ते गाडी थांबते, उभी राहते आणि पुन्हा निघते तेव्हाचं. पार्सलवाल्याचा निम्मा दिवस त्यातच जातो.

१. सकाळी किल्ली लावायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मार. टायर, लाइट, इंडिकेटर बघ आणि वाकून खाली जमीनही बघ – रात्रभर कुठे तेल गळलं असेल तर तिथेच दिसतं.

२. टायरच्या खाचांत मधेमधे बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की मालकाकडे नवा टायर माग, लाजू नकोस – पावसाचं पाणी बाहेर फेकतात त्या खाचाच.

३. शेवटी द्यायचं पार्सल आधी भर, पहिलं द्यायचं ते दाराशी ठेव. जड खोकी तळाला, केबिनच्या बाजूला. जड खाली, हलकं वर, मग शोधाशोध नाही दारावर.

४. खोकं उचलताना गुडघ्यात वाक, ते पोटाशी धर, आणि वळायचं तर पाय वळव – कंबरेला पीळ बसला की दुसऱ्या दिवशी साधं पाकीटही जड लागतं.

५. आता रिव्हर्स. इथे जरा बस आणि ऐक. टेम्पोचा हौदा बंद असला की त्याच्या मागची जागा दोन्ही आरशांत दिसत नाही, आणि सोसायटीतली पोरं चेंडू आणायला नेमकी तिथेच वाकतात. म्हणून दर वेळी खाली उतरायचं, मागे जाऊन बघायचं, मग लगेच गाडी घ्यायची. मधे फोन नाही, गप्पा नाहीत. वॉचमन मागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणेल. तो आरशातून दिसेनासा झाला की तिथेच ब्रेक. काच खाली, गाणी बंद. त्याहून बरं म्हणजे गाडी गेटबाहेर सरळ लाव आणि पार्सल चालत ने. चार पावलं जास्त पडली तर पडू देत. मागे न बघता मागे जाई, त्याची पुढची वाट राही.

६. उतरताना हँडब्रेक, गिअर, किल्ली खिशात, अगदी ‘एका मिनिटाचं काम’ असलं तरी. उतारावर चाकाला दगडही लाव – भरलेली गाडी हळूच सुटते आणि मग कोणाच्या हाताने थांबत नाही.

७. उजवं दार डाव्या हाताने उघड – त्या निमित्ताने अंग मागे वळतं आणि येणारा दुचाकीवाला दिसतो.

८. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नकोस. खालचा गिअर टाक – इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. त्या उतारावर ब्रेक न लागलेल्या ट्रकांनी किती घरं उजाड केली, ते पुण्यात कोणालाही विचार.

९. पत्ता विचारायचा, ओटीपी टाकायचा, ऑफिसचा फोन घ्यायचा, तो गाडी उभी करूनच. ऑफिसवाला चिडला तर माझं नाव सांग.

१०. बेल वाजवली की दारापासून दोन पावलं मागे हो – कुत्रं आधी बाहेर येतं, मालक नंतर. पायात चप्पल नको, बूट हवेत. आणि दुपारी डबा सावलीत बसून खा, स्टिअरिंगवर ठेवून नाही.